सहा डब्या, चार वाटा आणि लालबागची गावकीची खोली

आमच्या आईच्या बोटांना ठसे नाहीत. वेंगुर्ल्याच्या बाजूला काजूच्या कारखान्यांत ज्या बायका वर्षानुवर्षं बिया फोडतात, त्यांच्या बोटांची कातडी टरफलातल्या तेलाने भाजते, काळी पडते, सोलून निघते आणि पुन्हा येते ती गुळगुळीत होऊन येते. आधी त्याचं कुणाला काही नव्हतं. मी बारावीत असताना रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं आणि पंचाईत झाली. आईने अंगठा ठेवला की मशीन लाल दिवा दाखवायचं. दुकानदार आमच्याच वाडीतला, आई लग्न होऊन आली तेव्हापासून तिला ओळखणारा. पण त्याच्या ओळखीवर तांदूळ मिळत नव्हते, मशीनच्या ओळखीवर मिळत होते. बाबा मासेमारीच्या बोटीवर खलाशी. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की घरात येणारा पैसा फक्त आईचा. त्या दिवसांत मशीन रुसलं की आमच्याकडची पेज पातळ व्हायची. बाबा वाटीत डोकावून म्हणायचे, आज हिच्यात बोट सोडता येईल.

अशा घरातून मी इंजिनिअर झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आता कोल्हापूरच्या एका कॉलेजात पुढचं संशोधन करते. गेल्या उन्हाळ्यात त्या कामासाठी आठवडाभर मुंबईत होते. मुंबईला सगळेच जातात, त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण मी गेले होते ते हवेतल्या वाटा वाटून घ्यायला. तिकडे हे वाचणाऱ्यांपैकी फारसं कुणी गेलं नसेल.

आधी काम काय ते सांगते, थोडक्यात. बिनतारी यंत्रं हवेतून बोलतात. जुनी रीत अशी की प्रत्येकाला स्वतःची वाट द्यायची, किंवा एकाच वाटेवर आळीपाळीने बोलू द्यायचं. यंत्रं वाढत गेली, वाटा वाढल्या नाहीत. म्हणून नवा विचार निघाला: बोलू दे सगळ्यांना एकदम, एकमेकांच्या वाटेवर पाय देत. फक्त प्रत्येकाला बोलण्यासाठी लहरींच्या अशा आकृत्या नेमून द्यायच्या की सगळ्यांची मिसळ झाली तरी ऐकणाऱ्याला ती सोडवता यावी. या आकृत्यांना आम्ही शब्द म्हणतो आणि एका यंत्राच्या शब्दांच्या संचाला कोडबुक. ते कोडबुक रचणं हे माझं काम. माझ्याकडे सहा डब्या होत्या आणि वाटा चार. प्रत्येक डबी दोन वाटा वापरणार, म्हणजे एकेका वाटेवर तिघी.

कॉलेजच्या टेबलावर, वायरींनी जोडून, माझं कोडबुक झकास चाललं होतं. पण आमच्या सरांनी स्पष्ट सांगितलं. जुन्या, जाड भिंतींच्या, माणसांनी भरलेल्या इमारतीत सहाही डब्या एकदम नीट ऐकू आल्या, तर प्रबंध तुझ्या कोडबुकावर. नाही आल्या, तर दुसऱ्यांचं तयार कोडबुक वापरायचं आणि तू फक्त मोजमापं घ्यायची. मोजमापं घेणं वाईट नाही. पण मी तेवढ्यासाठी शिकले नव्हते.

दादर

निघाले होते गावी आईला भेटून. कोकणातली गाडी दादरला पहाटे सोडते, तेव्हा स्टेशनबाहेर फुलांचा बाजार भरलेला असतो. आमच्याकडे अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, मापून घेतात. इथे माणसं शेवंतीच्या गोण्यांवर बसून चहा पितात. मी ते बघत उभी असताना एका हवालदारीण बाईंनी माझी पेटी उघडायला सांगितली.

पेटीत सहा काळ्या डब्या होत्या, प्रत्येकीला बॅटरी आणि प्रत्येकीतून वर आलेली एक काळी दांडी. हे दृश्य पहाटे दादर स्टेशनबाहेर चांगलं दिसत नाही, हे मलाही तेव्हा कळलं. मी कॉलेजचं पत्र दाखवलं आणि सांगायला लागले की या डब्या पाण्याच्या पिंपावर बसतात, आत पाणी किती आहे ते बिनतारी कळवतात, आणि नवं त्यात असं आहे की त्या एकमेकींच्या वाटेवर...

“पाण्याचं पिंप?” बाई म्हणाल्या. “त्यात डोकावून बघता येत नाही का?”

हा प्रश्न मला त्या आठवड्यात बऱ्याच जणांनी विचारला, पण पहिला मान त्यांचा. डब्यांच्या खाली आईने दिलेली काजूची पिशवी निघाली तेव्हा त्यांचा चेहरा निवळला. गाव विचारलं, पत्र पुन्हा वाचलं, एक डबी हलवून बघितली. काजू देऊ केले तर घेतले नाहीत. पिशवी मात्र नाकाशी नेऊन मग परत दिली.

गिरगाव

उतरले होते आत्याकडे. माझी ही आत्या लग्न होऊन गिरगावातल्या एका वाडीत आली आणि तिथलीच झाली. दोन खोल्या, बाहेर सामायिक गॅलरी, तिच्यात ओळीने कुंड्या. गावाला आमचं घर लांबवर एकटं. तिथे कुणी हाक मारली तर आधी कुत्रा ओ देतो. इथे आत्या कढईत फोडणी टाकते आणि तिसऱ्या दारातून कुणीतरी हिंग जास्त झाल्याचं सांगतं.

आत्याने बांगड्याचं तिखलं केलं होतं. मला जेवताना बघत ती म्हणाली, “काय गं मने, एवढं शिकलीस आणि पिंपात पाणी किती ते मोजायला आलीस?”

मी म्हटलं, पिंप निमित्त आहे. पाण्याच्या जागी उद्या काहीही असेल.

“लग्नाचं पण बघ मग निमित्ताने,” आत्या म्हणाली आणि आणखी एक बांगडा वाढला.

त्याच दिवशी पहिली फजिती झाली. रिसीव्हरचा अँटेना प्रवासात मोडला होता. आत्याच्या घरापासून लॅमिंग्टन रोड चालत जाण्यासारखा. तिथे इलेक्ट्रॉनिक्सचं जे पाहिजे ते मिळतं आणि जे नको तेही मिळतं. मी ऐटीत अँटेना घेतला, घरी येऊन लावला तर आटे बसतात पण मधली पिन नाही. दोन्हीकडे भोकच. परत गेले. दुकानदार माझीच वाट बघत असल्यासारखा होता. म्हणाला, “मॅडम, इंजिनिअर ना? सगळे इंजिनिअर दोनदा येतात.” बदलून दिला.

लालबाग

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: कोकणातल्या कितीतरी गावांच्या खोल्या लालबाग-परळात आहेत. खोली गावाची, माणसाची नाही. गावातून कुणीही पोरगा मुंबईला आला की तिथे त्याला एक खिळा मिळायचा पिशवी टांगायला, आणि वळकटी ठेवायला जागा. गिरण्या जोरात होत्या तेव्हा एकेका खोलीत तीस-तीस जण असत. पहिल्या पाळीचे कामावर गेले की रातपाळीचे त्यांच्याच सतरंजीवर झोपायचे. आता आमच्या गावाच्या खोलीत सहा जण उरलेत. कारभारी गोपाळतात्या, पूर्वी गिरणीत बदली कामगार होते, आता एका सोसायटीत वॉचमन आहेत. बाकीच्यांत कुणी कुरिअरवाला, कुणी इस्पितळात वॉर्डबॉय. सगळ्यांत लहान सदू, तोही चाळिशीचा.

बाईमाणूस कामासाठी खोलीवर येणार हे बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. मी दारात पोचले तेव्हा सहाही जण सदरे घालून भिंतीला पाठ लावून बसले होते, फोटो काढायला बसतात तसे. उन्हाळ्याचे दिवस, मिरची गल्लीतून मसाल्याचा खकाणा येत होता, आणि त्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मला सटासट शिंका आल्या आणि त्यामुळे वातावरण जरा मोकळं झालं.

चाळ तीन मजल्यांची. तळमजला सोडून प्रत्येक मजल्याच्या दोन्ही टोकांना एकेक मोठं सामायिक पिंप, म्हणजे सहा पिंपं. नळाला पाणी सकाळी तेवढं येतं, मग दिवसभर पिंपावर भागवायचं. प्रत्येक डबी चारच शब्द बोलणार होती: रिकामं, थोडं, बरंच, भरलेलं. रिसीव्हर गच्चीवर, मी त्याच्याजवळ पत्र्याच्या सावलीत. डब्यांची राखण सहा जणांनी वाटून घेतली, ज्याची त्याची एक. चाळीच्या कमिटीने परवानगी दिली ती रविवारपर्यंत. रविवारी खोलीचा वार्षिक सत्यनारायण, त्यानंतर गॅलरीत रंगकाम.

तात्यांना सगळं समजून घ्यायचं होतं. मी त्यांच्याच खोलीचं उदाहरण दिलं. समजा सतरंज्या चार आहेत आणि माणसं सहा. प्रत्येकाने एक पाय एका सतरंजीवर टाकायचा, दुसरा दुसऱ्या. एकेका सतरंजीवर तिघांचे पाय. सगळे एकाच वेळी झोपणार, आणि सकाळी उठताना ज्याचे त्याला स्वतःचे पाय मिळाले पाहिजेत. तर ते पाय कसे ओळखायचे, त्याची युक्ती म्हणजे माझं कोडबुक.

तात्यांनी बराच विचार केला. मग पोटच्या पोरीला सांगावं तसं हळूच म्हणाले, “चेडवा, ह्यात भांडणां होतली.”

मी हसले. भांडणं होणार नाहीत असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. ती मान पटल्याची नव्हती, एवढं माझ्या तेव्हा लक्षात आलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

परळ, घाईचे पेढे

दोन दिवस डब्या बोलल्या आणि रिसीव्हरने ऐकल्या. चुकीचा शब्द एकही नाही. एकही. कॉलेजात वायरींवरसुद्धा इतकं स्वच्छ कधी आलं नव्हतं. मी गच्चीवर एकटीच पत्र्याखाली बसून हसत होते. समोर मोठमोठ्या काचेच्या इमारती, जिथे पूर्वी गिरण्यांची धुराडी होती. मला वाटलं, हे सगळं आता माझ्याच कोडबुकाची वाट बघतंय.

सरांना कळवलं. सर मोजकं बोलणारे, त्यांनी “फारच छान” असं लिहिलं आणि खाली विचारलं, “सहाही एकदम?” मी लिहिलं, अर्थात. मग परळला चालत गेले आणि चांगला मोठा पेढ्यांचा पुडा घेतला. येताना उसाचा रस प्यायले, वर आणखी अर्धा ग्लास. गावी आईला फोन केला की जमलं. आईने शेजारी सांगितलं. शेजारून बहुधा सगळ्या वाडीला कळलं.

खोलीवर पेढे वाटले. तात्यांनी दोन घेतले आणि सगळ्यांना म्हणाले की बघा, नीट वागलं की चेडवाचं काम कसं सरळ होतं. ते मला फार गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला म्हणून गच्चीवरून अवेळी खाली आले. दुसऱ्या मजल्यावर लोखंडी जिन्याच्या मागे सदू स्टुलावर बसला होता, बोट त्याच्या डबीच्या बटणावर. खालच्या मजल्यावरून तात्यांचा आवाज आला, “सदू, तुझी बंद कर. आता वरची.” सदूने बटण दाबलं. डबीचा दिवा विझला.

मी विचारलं, सदूदादा, हे काय?

“नंबर,” सदू म्हणाला. “तात्यांनी लावून दिलेत.”

खाली गेले. तात्या घड्याळ मांडीवर ठेवून बसले होते. कामावरून रजा घेऊन. सहाही जणांनी आपापल्या वेळा जुळवल्या होत्या, ज्याची ड्यूटी असेल त्याची डबी दुसऱ्याने सांभाळायची. दोन दिवस एका वेळी फक्त एक डबी चालू होती.

“तात्या, मी सगळ्या एकदम म्हटलं होतं ना,” मी म्हणाले. आवाज मला वाटलं होतं तितका शांत निघाला नाही.

“सांगलंस गो,” तात्या म्हणाले. “पण सहा जणी नि वाटो चार. इतक्या वर्षांत ह्या खोलीत भांडण नाय झाला, ता कित्याक? सगळा नंबरान चलता. पाणी नंबरान, चूल नंबरान, टीव्ही नंबरान. म्हटलंय, चेडू शिकलेला आसा, पण वस्तीत रवलेला नाय. आमीच सांभाळून घेवया.”

त्यांनी माझी लाज राखायला रजा टाकली होती. रागवायचं कुणावर? आणि चूक माझीही होती. मी चुकीच्या शब्दांची मोजणी ठेवली होती, गप्प बसलेल्यांची ठेवलीच नव्हती. बॅटरी उतरून एखादी डबी मधून मधून गप्प होईल म्हणून रिसीव्हरला तशी सवलत देऊन ठेवली होती. जे बोलतायत त्यांचं तेवढं सोडव. बोलत होती एकच, आणि रिसीव्हर ते बिनचूक सोडवत होता. यात कोडबुकाचं काहीच कर्तृत्व नव्हतं. एकटीच बोलणारी बाई काय बोलते ते कुणालाही कळतं.

मी सगळ्या डब्या एकदम चालू करायला सांगितल्या. सहा जणांनी एकमेकांकडे बघत, जसं काही फटाक्याला वात लावतोय, तशी बटणं दाबली. गच्चीवर जाऊन बघते तर नुसता गोंधळ. भरलेल्या पिंपाला रिकामं म्हणायची वेळ आली नाही, पण “थोडं”चं “बरंच” आणि “बरंच”चं “थोडं” सारखं चाललेलं. सदूची डबी सगळ्यांत वाईट.

खाली आले. तात्यांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. “सांगलंय ना, भांडणां होतली,” ते म्हणाले, पण अगदी हळू. मग, “पेढे मात्र परत मागू नको.”

पुन्हा गिरगाव

सरांना खरं सांगितलं. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, रविवारपर्यंत वेळ आहे ना? तयार कोडबुक पाठवून ठेवतो. तुझं नाही बसलं तर रविवारी सकाळी ते भर. फाइल लगेच आली. मी ती उघडली नाही. पण पुढचे दोन दिवस ती लॅपटॉपच्या कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती.

आत्याच्या गॅलरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. आता बिघडलं कुठे ते मला दिसत होतं, दुरुस्त कसं करायचं ते दिसत नव्हतं.

एका वाटेवर तिघी येतात, म्हणून मी त्या तिघींचे शब्द वेगवेगळ्या कोनांत वळवून ठेवले होते, एकमेकींच्या अंगावर पडू नयेत असे. त्या कोनांवर माझा एक अख्खा पावसाळा गेला होता. पण ते कोन वायरीत टिकतात. चाळीत प्रत्येक डबीची लहर भिंतींना, जिन्यांना, माणसांना आपटत येते आणि वाटेत भलत्याच कोनात वळते. माझी सगळी सुबक मांडणी दारातच विस्कटत होती. ते एक. दुसरं म्हणजे काटकसर. प्रत्येक शब्द दोन वाटांवर मिळून बोलला जातो. मधले दोन शब्द, “थोडं” आणि “बरंच”, मी पहिल्या वाटेवर अगदी एकसारखे ठेवले होते, गर्दी कमी व्हावी म्हणून. दुसऱ्या वाटेवर ओळखू येतातच की, असा हिशोब. सदूच्या लोखंडी जिन्यामागे ती दुसरी वाटच पार बुजत होती.

एवढं कळलं तरी हात चालेना. कोन टाकून द्यायला जीव होत नव्हता. आत्या येता-जाता माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, “उठ. चौपाटीवर जाऊन ये. माझ्या कुंड्यांना घाम फुटला तुझ्याकडे बघून.”

चौपाटीवर बसले होते तेव्हा आईचा फोन आला. वाळूत पोरं क्रिकेट खेळत होती, मला आईचं अर्धंच ऐकू येत होतं. जमलेलं मोडलं हे मी तिला अजून सांगितलं नव्हतं. ती रेशनवरून नुकतीच आली होती आणि खुशीत होती.

“मशीनाक मी आवडत नाय, आजपण अंगठो घेऊक नाय,” ती म्हणाली. “पण आता मोबायलार नंबर येता ना, तो सांगलंय नि गावले तांदूळ. शेवंतीकडे मोबायल नाय. तिका परत धाडल्यान.”

शेवंतीकाकी आईच्याच ओळीत बसून काजू फोडते. तिचा अंगठाही आईसारखाच. आईला ओळखायच्या दोन वाटा झाल्या होत्या, तिची एकच होती आणि तीच पुसली गेलेली.

फोन ठेवला आणि लक्षात आलं. माझ्या कोडबुकात मधल्या दोन्ही शब्दांची शेवंतीकाकी करून ठेवली होती मी. ओळख सगळी एकाच वाटेवर. ती बुजली की परत पाठव.

उठले, वाळू झटकली, भेळ घेतली नाही, सरळ घरी आले. कोन काढून टाकले. चारही शब्द दोन्ही वाटांवर वेगळे केले, की कुठलीही एक वाट बुजली तरी दुसरीवरून ओळख पटावी. आणि जे दोन शब्द एका वाटेवर शेजारी बसतील, त्यांना दुसऱ्या वाटेवर लांबच्या टोकांना बसवलं. यात दोन्ही वाटांवर गर्दी वाढली. रिसीव्हरला जास्त डोकं चालवावं लागणार होतं. वायरींवर हे कोडबुक जुन्यापेक्षा थोडं कमीच ठरलं असतं. पण चाळीत वायरी नव्हत्या.

लालबाग, रविवार

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा गॅलरीत केळीचे खांब बांधले होते आणि तळमजल्यावर मोठ्या पातेल्यात काळे वाटाणे शिजत होते. डब्या एकेक करून लॅपटॉपला जोडल्या आणि नवे शब्द भरले. तात्या धोतर नेसून मागे उभे.

“आता तरी नंबर लावूया?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तात्या, आज नंबर नको. भांडण झालं तर मी बघेन.

सरांची फाइल तशीच होती. सर दुपारी फोन करणार होते. नवं कोडबुक बसलं नाही तर त्याआधी त्यांचं भरायचं, असं ठरलेलं. सहाही डब्या एकदम चालू केल्या आणि गच्चीवर गेले. या खेपेस गप्प बसलेल्यांची मोजणीही ठेवली होती.

पहिला तासभर मी शब्द बघतच नव्हते, फक्त आकडा बघत होते. सहाजणी बोलतायत, सहाजणी. चुका होत्या. हवेत चुका असतातच. पण तुरळक, आणि त्यातही पुन्हा विचारलं की सुधारणाऱ्या. पाहुणे यायला लागले, गॅलरी भरली, लहरींच्या वाटेत माणसांच्या भिंती उभ्या राहिल्या. चुका थोड्या वाढल्या आणि मग तिथेच थांबल्या. मी पेढे आणायला उठले नाही. परळचा अनुभव ताजा होता.

पूजा आटपत आली तशी मी खाली उतरले, लॅपटॉप हातात. तात्या सदूला सांगत होते की पहिली पंगत दुसऱ्या मजल्यावर बसवा, जिन्यामागचं पिंप तिथेच आहे, हात धुवायला पाणी हाताशी.

मी स्क्रीनकडे बघितलं. म्हटलं, सदूदादाच्या पिंपात थोडंच पाणी आहे.

“सकाळी मी स्वतः भरलंय,” सदू म्हणाला. “काठोकाठ.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. परवा याच डबीने “थोडं” आणि “बरंच” यांची खिचडी केली होती आणि हे त्यांना पक्कं आठवत होतं. मलाही. पन्नास माणसं जेवायला बसणार आणि नळ आता उद्या सकाळी.

“नक्की?” तात्यांनी विचारलं.

मी स्क्रीन पुन्हा एकदा बघितली. “नक्की,” मी म्हणाले.

सदू गेला. जिन्यामागून झाकण उचलल्याचा आवाज आला. पंगतीला बसू पाहणारी माणसं उभीच होती. शेवटी सदूने जिन्यातून डोकं बाहेर काढलं.

“तळाला आहे,” तो म्हणाला. “आचाऱ्यांनी तांदूळ धुतले वाटतं ह्यातून.”

तात्यांनी विचारलं, मग भरलेलं कुठलं? मी न थांबता सहाही सांगितली. तिसऱ्या मजल्यावरचं समुद्राकडचं भरलेलं, तिथलंच दुसऱ्या टोकाचं बरंच, पहिल्या मजल्याची दोन्ही रिकामी, दुसऱ्यावर एक बरंच आणि सदूचं थोडं. कुणीतरी धावत वर जाऊन बघून आलं. मग पंगत तिसऱ्या मजल्यावर हलवली. बायका-माणसं पानं उचलून वर गेली, जाताना माझ्या हातातल्या लॅपटॉपमध्ये डोकावत. दादरच्या हवालदारीण बाई तिथे असत्या तर म्हणाल्या असत्या की झाकण उचलूनही कळलं असतंच. खरं आहे. पण एकदम सहा झाकणं कुणी उचलत नाही.

जेवताना तात्या माझ्या पानाशी आले, वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ स्वतः वाढली, वर आणखी एक वडा ठेवला.

“सगळी एकदम बोलली?” त्यांनी विचारलं.

सगळ्या एकदम, मी म्हटलं.

“नि भांडण नाय?”

नाही.

तात्यांनी मान डोलावली. मग वळून सदूला म्हणाले, “टीव्हीचा मात्र नंबरानच हां.”

दुपारी सरांचा फोन आला. त्यांनी एकच विचारलं, सहाही एकदम? या वेळी मी आकडे पाठवूनच उत्तर दिलं. त्यांची फाइल मी न उघडता पुसली.

कोल्हापूरला परतताना वाट वाकडी करून आधी गावी गेले. आईला सगळं सांगितलं, पेढ्यांसकट. ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

सहा डब्या, चार वाटांवर, एकाच वेळी बोलल्या आणि प्रत्येकीचं बोलणं वेगळं ओळखू आलं. ते कोडबुक मी रचलं. प्रबंध त्याच्यावर लिहिला, तो मान्य झाला, आणि त्याच्या पहिल्या पानावर माझ्या नावाखाली आईचं नाव आहे.